अडतीस किलोंसाठी चार दांडे

१४ जानेवारी

चिंगे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला धडकी भरली असेल, म्हणून आधीच लिहितो, आई आहे. बरी आहे असं लिहिणार नाही, पण आहे. मी तुला याआधीचं पत्र लिहिलं ते तू शिवणाच्या परीक्षेत नापास झालीस तेव्हा, आणि तेही चिडवायला. आता पत्र लिहायचं कारण म्हणजे फोन आईच्या उशाशी आहे. आजाराने तिचं सगळं नेलं, कान मात्र तिखट करून ठेवले. गॅरेजमध्ये माझ्या हातून पाना पडला तरी आतून विचारते, "काय रे मोडलं?"

तुझ्या गल्लीतल्या इस्पितळात दुखणं थांबवायचं जे औषध मिळतं, ते इथल्या डॉक्टरांना ठेवायची परवानगीच नाही. पेशंट समोर आणल्याशिवाय तुझे डॉक्टर देत नाहीत. म्हणजे आईला तुझ्याकडे आणायची, दुसरा इलाज नाही. आणि आई तर गाडीत बसायला तयार नाही. मागच्या महिन्यात ॲम्ब्युलन्समधून आणताना एका खड्ड्यात तिच्या पाठीचा मणका मोडला, तो आवाज तुझ्या वहिनीने ऐकला आहे. तिची हाडं आता आतून पोखरलीत. काल शेवटी म्हणाली, "तुझ्या ट्रकमधून नेशील तर येईन. पण हादरा बसता कामा नये."

माझ्या ट्रकमधून! जो रिकामा असला की माझीच कवळी खिळखिळी होते! पण बोलली ती बोलली. मी पाटे काढून टाकायचं ठरवलंय. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. दोन टन माल भरला की त्या वाकतात. अडतीस किलोच्या आईसाठी त्या कशाला वाकतील? त्यांच्या जागी चार दांडे बसवतो. एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला, टोकांत रबरी बुश. दांड्यांनी ॲक्सलला जागेवर धरायचं आणि वजन घ्यायचं दोन लांब मऊ स्प्रिंगांनी. असलं काम मी एकदाच केलंय, आणि तेही दुसऱ्याच्या गाडीवर. तीन आठवडे लागतील.

तुझा दादा

२२ जानेवारी

दादा,

नमस्कार, आणि मी नापास झाले नव्हते, एका विषयात राहिले होते. त्या विषयाचं नाव काज आणि गुंड्या. आज गावभर माझ्या काजांचं नाव आहे, ते वहिनीला वाचून दाखव.

मी इस्पितळात जाऊन आले. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, बोलतात. म्हणाल्या, फेब्रुवारी संपायच्या आत आणा, म्हणजे आम्हाला काही करता येईल. मी विचारलं, नाहीतर? तर त्यांनी फाईल बंद केली. तेव्हा तुझे तीन आठवडे म्हणजे तीनच आठवडे असू देत. तू माझं शिलाई मशीन पट्टा बसवायला दोन दिवस म्हणून नेलं होतंस आणि दिवाणाखाली ते चार महिने होतं, हे मी विसरलेले नाही.

आईसाठी गादी मी शिवते. कापसाची नको, घसरते. कप्पे करून आत स्पंज भरते आणि दोन्ही बाजूंना धरायला रुंद पट्टे लावते, म्हणजे तिला उचलायचं नाही, गादीसकट सरकवायचं. तिची लांबी टाचेपासून डोक्यापर्यंत मोजून कळव. खांद्यांची रुंदीही. ती विचारेल कशाला, तर सांग की चिंगी झगा शिवतेय.

दुकानातली दोन मशीनं मागे हलवून शटरजवळ तिची खाट टाकणार आहे. रस्ता दिसेल. तिला रस्ता बघायला आवडतो, भांडणं झाली तर जास्तच.

चिंगी

६ फेब्रुवारी

चिंगे,

लांबी चार फूट अकरा इंच, खांदे सव्वा फूट. झगा म्हटल्यावर आई म्हणाली, "गळा मोठा ठेव म्हणावं, डोक्यातून घालताना हात वर होत नाही." तेव्हा आता झगाही शिव.

पाटे निघाले. एकेक नट तासभर भांडला. ॲक्सल घोडीवर ठेवला आहे, ट्रकचं बूड हवेत आहे आणि येणारा जाणारा विचारतो, विकला का? दांडे कापले, त्यांची टोकं धरणारे पोलादी कान कापले आणि वेल्डिंगचे नुसते टाके मारून जागेवर उभे केले. पूर्ण वेल्डिंग सगळं जुळल्यावर. टाका तोडता येतो, पूर्ण वेल्डिंग तोडायचं म्हणजे चासीचा लचकाच निघतो.

एक गाढवपणा झाला. ॲक्सल खाली लोंबकळत असतानाच मी बुशांचे बोल्ट आवळून टाकले. ट्रक चाकांवर उतरवल्याबरोबर सगळी रबरं पिळवटली, दोन तर फाटली. बोल्ट आवळायचे असतात ट्रक आपल्या वजनावर उभा राहिल्यावर. हे मी स्वतः दहा जणांना शिकवलंय. नवे बुश मागवलेत, आठवडा जाईल. आई ठीक आहे. जेवते. तुझी आठवण काढते.

दादा

ता. क. वन्सं, हे पाकीट मी डकवतेय म्हणून लिहिते. सासूबाई जेवत नाहीत. चार दिवस पेज पाजतेय. कूस बदलताना तोंडात पदराचा बोळा धरतात, गॅरेजमध्ये आवाज जाऊ नये म्हणून. हे इकडे गॅरेजमध्ये ग्राइंडर चालू ठेवतात, तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून. मी दोघांच्या मधल्या दारात उभी असते. — वहिनी

१३ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचं वाचलं. तू "जेवते" असं लिहिलंस तेव्हा हात कसा रे चालला तुझा?

तू बुश फाड, दांडे काप, काहीही कर, पण माझ्याशी खोटं बोलू नकोस. मी इथे रोज खाटेवरची चादर झटकते. कालच मी दुसऱ्या एका ॲम्ब्युलन्सवाल्याला विचारून आले. म्हणाला, बाई, पेशंट सांभाळून नेतो, पण रस्ता काही मी बनवलेला नाही. मग तशीच परत आले. रागावून तरी कुणावर रागावू?

बरं, कामाचं. तुझ्या ट्रकच्या हौद्यापासून माझ्या दुकानाच्या जमिनीपर्यंत आईला उतरवायचं कसं? चार जणांनी चार बाजूंनी उचलायचं म्हणजे चार दिशांना ओढलं जाणार. सुतार म्हणतो, शटरला लागून हौद्याच्या उंचीचा लाकडी ओटा करू आणि आत पुढे उतार देऊ. ट्रक ओट्याला टेकवायचा आणि गादी सरळ सरकवत आणायची. एक बोटभरसुद्धा उचलायचं नाही. मला हौद्याची उंची दे. अंदाजे नको, मोजून दे.

चिंगी

२४ फेब्रुवारी

चिंगे,

रागाव. मी ग्राइंडर चालू ठेवतो हे खरं आहे. दुसरं मला काही करता येत नाही. लोखंड माझं ऐकतं, आई दुखतं म्हणाली तर मी तिथे उभा राहून काय करणार, तिच्या पायावरून हात फिरवायचीही चोरी, हाड दुखतं.

ट्रक चाकांवर उभा राहिला. पहिल्या फेरीत रिकामा ट्रक सशासारखा उडायला लागला. सहा आठवड्यांचं काम आणि पाट्यांपेक्षा वाईट! मग डोक्यात प्रकाश पडला. स्प्रिंगांना दबायला वजन पाहिजे. हौद्यात वाळूची वीस पोती अंथरली, एकेक पन्नास किलोचं. आणि चिंगे, काय सांगू. तोच ट्रक, तोच रस्ता. आईच्या जागी मी स्वतः पोत्यांवर उताणा झोपलो, पोटावर पाण्याने भरलेलं भांडं घेतलं आणि तुझ्या वहिनीला गाडी चालवायला लावली. ती माझ्यापेक्षा मऊ चालवते, हे तिला सांगू नकोस. रेल्वेच्या फाटकावरून गेलो तरी भांडं कलंडलं नाही. तुझी वहिनी म्हणाली, पोट एवढं मोठं असल्यावर भांड्याला बैठक मिळणारच. नव्वद किलो आहे मी, लपवण्यासारखं काही नाही.

वीस पोत्यांसकट हौद्याची उंची चौतीस इंच. तीनदा मोजली.

आईला सांगितलं तर म्हणाली, "तू झोपून बघितलंस ना? मग झालं."

दादा

३ मार्च

दादा,

ओटा झाला. चौतीस इंच, सुताराने पाणसळ लावून दाखवलं. किराणेवाला, न्हावी, वरचे मास्तर, सगळे येऊन ओट्यावर उभे राहून गेले. मास्तर म्हणाले भाषण करावंसं वाटतंय, त्यांना खाली उतरवायला वेळ लागला.

गादीही झाली. पट्ट्यांना तिहेरी शिवण आहे, बैल बांधला तरी तुटायची नाही. झगा झाला, गळा मोठा ठेवलाय.

काल फोनवर आईशी बोलले. "मजेत आहे," म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मला आधी वाटलं लाईन खराब आहे. मग कळलं लाईन चांगली आहे.

डॉक्टरबाई दोनदा दुकानात डोकावून गेल्या, ब्लाऊज टाकायच्या निमित्ताने. मार्च चालू झालाय हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. दादा, आता निघ. अजून काही नीट करायचं राहिलं असेल तर राहू दे.

चिंगी

९ मार्च

चिंगे,

निघतोय. बारा तारखेला सकाळी. हे पत्र तुला मिळायच्या आत बहुधा आम्हीच पोचू, पण हाताला सवय लागली आहे लिहायची.

पूर्ण वेल्डिंग परवा संपलं. काल भरधाव फेरी मारली तर एका मोठ्या खड्ड्यात ॲक्सल चासीला जाऊन टेकला, ठक् असा आवाज आला. वाळू जास्त होत होती. सहा पोती काढली, चौदा ठेवली. पुन्हा त्याच खड्ड्यातून गेलो, आवाज नाही. आता मागून ट्रक जरा उचललेला दिसतो, ऐटीत. रंग लावायला वेळ नाही, दांडे तसेच काळेनिळे आहेत.

दोनशे ऐंशी किलोमीटर आहेत. ताशी तीसने निघालो तरी संध्याकाळच्या आत येतो. आईच्या बाजूला मी बसेन, तुझी वहिनी चालवेल. आई सकाळपासून सांगतेय, केस नीट बांधा, चिंगीच्या गल्लीतून जायचंय.

दादा

१९ मार्च

दादा,

तू न सांगता गेलास. मी उठले तर ट्रक नव्हता आणि ओट्याला नुसती धूळ. आईने विचारलं तर मी म्हटलं, गॅरेजमध्ये काम आलं. "बरं," म्हणाली.

उतरवताना मोडलं ते मांडीचं हाड, मधोमध मोडलंय. ऑपरेशन झेपणार नाही, म्हणून पायाला नुसता आधार देऊन ठेवलाय. औषध मात्र सुरू झालं. सहा तासांनी एकदा देतात. चार तास बरे जातात. पाचव्या तासाला ती बोलायचं थांबवते आणि सहावा तास मी घड्याळाकडे बघत काढते. लवकर देता येत नाही, श्वासावर येतं म्हणे.

न्हावी रोज सकाळी येऊन तिचे केस विंचरून देतो, हलक्या हाताने, न हलवता. तिला ते आवडतं.

तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस. प्रवासात तिला काडीचाही त्रास झाला नाही. डॉक्टरबाई ट्रकखाली वाकून बघून गेल्या, माहीत आहे ना तुला?

चिंगी

२५ मार्च

चिंगे,

डोक्यात घेऊ नकोस म्हणतेस. डोक्यात दुसरं काही नाहीच.

मला एवढंच सांग, कोण उतरलं?

मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो. ट्रक ओट्याला लावला, हौदा तीन इंच वर. चौतीसचा आकडा मीच दिलेला, आणि सहा पोती काढल्यावर तो बदलला हे माझ्या टाळक्यात आलं नाही. तो गाढवपणा माझा, कबूल. पण आपण तो निस्तरला होता. किराणेवाला, न्हावी, मास्तर आणि सुतार हौद्यात चढले. मी होतोच. पाच जणांच्या वजनाने हौदा दबून बरोब्बर ओट्याला लागला, फटीतून बोटही जाईना. मी ओरडून सांगितलं होतं, आई पलीकडे जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. चारचारदा सांगितलं.

तू आणि तुझ्या शिवणाच्या दोघी ओट्यावरून पट्टे ओढत होतात. आई कमरेपर्यंत ओट्यावर गेली. तेवढ्यात तिचा डावा पाय गादीवरून घसरला आणि कडेला लोंबायला लागला. तिने "अरे" म्हटलं. मी मागच्या कडेला होतो, तो पाय धरायला खाली गेलो. माझा हात पोचायच्या आतच हौदा वर आला. कंबर ओट्यावर आणि मांडी हौद्याबरोबर वर. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी उतरलं होतं. मला वाटतं न्हावी. तो कडेलाच होता, आणि अंगाने भारी आहे. ज्या हाताने तो तिचे केस विंचरतो म्हणतेस, तो हात मला तोडावासा वाटतो. तुझं तोंड आमच्याकडे होतं. तू बघितलं असणार. नाव कळव.

दादा

२६ मार्च

वन्सं,

त्यांनी तुम्हाला काय विचारलंय ते मला माहीत आहे, इथे मला रोज विचारतात. मी तेव्हा ब्रेकवर पाय दाबून बसले होते आणि आरशात बघत होते. आरशात चौघे हौद्यात उभे होते, शेवटपर्यंत. पाचवा उडी मारून उतरला.

त्यांना ते ठाऊकच नाही. खोटं बोलत नाहीत हो, खरंच ठाऊक नाही. पाय लोंबलेला दिसला, एवढंच त्यांना दिसलं. कळलं तर हा माणूस उभा राहायचा नाही. तुम्ही काहीही लिहा, पण ते लिहू नका. पाया पडते.

वहिनी

२ एप्रिल

दादा,

कुणीही उतरलं नाही. तू न्हाव्याच्या मागे लागलास म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. ओट्याची कडेची फळी दबली. सुताराने खालून एक टेकू कमी दिला होता. आम्ही तिघी ओढत होतो, आमच्या वजनाने फळी खाली गेली, आणि तुला वाटलं हौदा वर आला. सुताराने स्वतः कबूल केलं. बिचारा अजून दुकानासमोरून मान खाली घालून जातो. आता त्याला शिव्या घालू नकोस, झालं ते झालं.

आईला विचारलं तर तीही हेच म्हणाली.

ती आता कमी बोलते. झोपेत तुझं बारशाचं नाव घेते, हल्ली कुणीच घेत नाही ते. शटर अर्धं उघडं ठेवते मी, रस्ता दिसतो. परवा दोन रिक्षावाले भांडले, पण तिने डोळे उघडले नाहीत.

तू कधी येतोस?

चिंगी

१० एप्रिल

चिंगे,

तू शिवणवाली आहेस, फळ्यांचं तुला कळत नाही. फळी दबली असती तर आईची कंबर खाली गेली असती. मांडी वर गेली नसती. मी पाहिलं ते मांडी वर जाताना पाहिलं.

म्हणून मी मोजून बघितलं. ट्रक तसाच आहे, चौदा पोत्यांसकट. भंगारवाल्याकडच्या काट्यावर चार माणसं वजन करून घेतली, साधारण तुझ्या चौघांएवढी. जो जिथे उभा होता तिथे त्यांना उभं केलं. मागे चौतीस इंचांचा ठोकळा ठेवला आणि हौद्याच्या कडेला पोलादी पट्टी उभी धरली. पट्टी तुझ्या वहिनीच्या हातात दिली.

किराणेवाल्याच्या जागचा माणूस उतरला, अर्धा इंच. मास्तरांच्या जागचा, जेमतेम तेवढाच. सुताराचा तसाच. न्हाव्याच्या जागचा सगळ्यांत जड होता, तो उतरला तर पाऊण इंच, आणि तोही हळूच. एवढ्याने आईचं हाड मोडतं का? मोडत असेलही, म्हणून पुढे गेलो. मी कुठे उभा होतो ते मला पक्कं आठवतं, अगदी मागच्या कडेवर, चाकांच्याही मागे. तिथलं वजन स्प्रिंगांना दीडपट लागतं. मी सावकाश उतरलो, सव्वा इंच. मग तेव्हा उतरलो होतो तसा उतरलो. उडी मारून. हौदा दोन इंचांच्या वर उसळला आणि डुलत राहिला. मऊ केलाय ना मी.

दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा चढलो तेव्हा तुझ्या वहिनीने पट्टी लपवली. ती रडत होती. तिला माहीत होतं हे मला तिथे कळलं, आणि मग तुलाही माहीत असणार, आणि आईलाही, हेही कळलं. चार माणसं काय करावं न सुचून हौद्यात तशीच उभी.

सुताराची माफी मागतो. न्हाव्याचीही. त्यांच्यापर्यंत पोचव.

जगात तो ट्रक किती मऊ आहे हे एकाच माणसाला माहीत होतं, चिंगे. चौघांना हलू नका म्हणून ओरडलो आणि मीच उतरलो. मी आईसमोर यायचं कसं? तिला कळलंय ते मला कळलंय, हे तिला सांगू नकोस. किंवा सांग. मला काही सुचत नाही. पाटे पुन्हा बसवायला काढले होते, पण हात चालत नाही.

दादा

१७ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा आई जागी होती. पाकिटाचा आवाज तिने ऐकला. "मोठ्याने वाच," म्हणाली. मी दोन ओळी वाचल्या आणि मधलं गाळून पुढे गेले, तर म्हणाली, "मधलंही वाच. तुझा आवाज बदलतो गाळताना." मग सगळं वाचलं. इंच, पाऊण इंच, सगळं.

मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "माझा पाय लोंबत होता. चौघांनाही दिसत होता. एवढं त्याने ओरडून सांगितल्यावर कोण कशाला हलेल? तो उतरला, कारण पाय माझा होता." मी म्हटलं, हे त्याला लिहू? तर म्हणाली, "लिही. आणि लिही की येताना मला रस्त्यात झोप लागली होती. एवढ्या महिन्यांत तेवढीच."

हे ऐकून तुला बरं वाटेल असं मला वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी रडले, तिने बघितलं, आणि माझे डोळे पुसायला तिचा हात उचलेना म्हणून तिलाच वाईट वाटलं. तेवढ्यात कळ आली. औषधाला अजून दीड तास होता. मी इस्पितळात पळत गेले, डॉक्टरबाईंसमोर हात जोडले. त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या, तिच्याजवळ खाली बसल्या, नाडी धरली आणि म्हणाल्या, आता देता येत नाही. त्यांचेही डोळे भरले होते. दीड तास आम्ही दोघी तशाच बसलो.

मी तुझ्याशी खोटं बोलले, मला माफ कर. मी तुला खोटं बोलू नकोस म्हणून बजावलं होतं.

आता डॉक्टरबाई आठवड्यांचं काही बोलत नाहीत. तू ये. ट्रकने ये, बसने ये, चालत ये. तोंड कसं दाखवू विचारत बसू नकोस, ती डोळे मिटूनच असते. आल्यावर काय करायचं तेही विचारू नकोस, इथे करण्यासारखं काही नाही. मी तिचा एक हात धरून बसते. दुसरा चादरीवर मोकळा असतो, आणि ती मधूनच त्याची बोटं उघडते.

चिंगी